कुटुंब एक कीं अनेक?

इंग्रजी व्याकरणासंबंधानें आमच्या वाचकवर्गाकडून जीं पत्रें येतात तीं बहुतेक मुलांच्या परीक्षेच्या सुमारास येतात, आणि त्यांतील प्रश्न प्रायः गुणांपुरतेच असतात. ह्या खेपेस एक पत्र निराळ्या प्रसंगाचें आलें आहे. एका एकत्र कुटुंबांतील सूनबाईंनीं तें लिहिलें आहे. त्यांचे आजेसासरे वृद्धापकाळानें निवर्तले. दुखवट्याचीं पत्रें दूरदूरच्या स्नेह्यांकडून आलीं; त्यांत परप्रांतीय व परदेशस्थ मंडळी पुष्कळ, म्हणून आभाराचें छापील पत्र इंग्रजींत काढावें असें ठरलें. थोरल्या चुलतसासऱ्यांनीं मसुदा केला. त्याची सुरुवात 'द फॅमिली आर ग्रेटफुल' अशी होती. अमेरिकेंत नोकरीस असलेले धाकटे दीर त्या वेळीं घरीं आले होते. त्यांनीं 'आर' खोडून 'इज' घातलें. काकांनीं पुन्हां 'आर' केलें. हा वाद चालला असतां आजेसासूबाईंनीं, म्हणजे ज्यांचें दुःख सर्वांत मोठें त्यांनीं, घोळ कसला आहे म्हणून विचारलें. 'इज' म्हटलें म्हणजे कुटुंब एक व 'आर' म्हटलें म्हणजे अनेक, असें कोणीं तरी त्यांस समजावून सांगितलें. त्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "ते जाऊन महिना झाला नाहीं, तोंच तुम्ही कागदावर वेगळे निघालांत होय?" तेव्हांपासून मसुदा तसाच पडला आहे. खरें काय तें सांगावें, अशी त्या भगिनींची विनंति आहे.

उत्तर देणें कठीण नाहीं. पण नुसतें उत्तर दिलें तर काका-पुतण्यांपैकीं एकाची सरशी होईल आणि आजेसासूबाईंचा प्रश्न जागच्या जागीं राहील. म्हणून प्रथम थोडें मुळाकडे जाऊं.

कर्त्याच्या वचनाप्रमाणें क्रियापदाचें वचन बदलावें हा नियम आपणांस परका नाहीं. उलट ह्या बाबतींत मराठीचा कारभार इंग्रजीहून कितीतरी मोठा. मुलगा जातो, मुलगी जाते, मूल जातें, मुलगे जातात. वचनाबरोबर लिंगही सांभाळावयाचें. त्यांत भूतकाळीं सकर्मक क्रियापद आलें कीं तें कर्त्यास सोडून कर्माच्या मागें जातें: रामानें आंबा खाल्ला, आंबे खाल्ले, पोळी खाल्ली. भावे प्रयोगांत तर तें कोणाचेंच ऐकत नाहीं. मोरो केशव दामले ह्यांनीं १९११ सालच्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त ह्या प्रयोगांचा केलेला ऊहापोह वाचला म्हणजे आमचीं चार वर्षांचीं मुलें हें सारें न शिकतां कसें बोलतात ह्याचें नवल वाटतें. त्यापुढें इंग्रजीचा पसारा तो केवढा? भूतकाळीं 'वॉज' आणि 'वेअर' हा एक भेद सोडला तर कांहीं नाहीं. वर्तमानकाळीं तृतीयपुरुषी एकवचनास एक 'स' लावला कीं काम झालें. पूर्वीं असें नव्हतें. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत भूतकाळींही दोन्ही वचनांचीं रूपें भिन्न असत, आणि सर्वनामांत संस्कृताप्रमाणें द्विवचनसुद्धां होतें. तें सगळें झिजून गेलें आणि हा एक 'स' मागें उरला.

ह्या उरलेल्या 'स'नेंच मुलांचे गुण जातात. नामास तो लागला कीं नाम अनेकवचनी, आणि क्रियापदास लागला कीं क्रियापद एकवचनी! 'द बॉय रन्स', पण 'द बॉइज रन'. मुलास वाटतें, मुलगे अनेक झाले तर त्यांचें धांवणेंही अनेक झालें पाहिजे. तो 'द बॉइज रन्स' असें लिहितो आणि तांबड्या शाईचा धनी होतो. 'स एकच आहे. कर्त्यास द्या किंवा क्रियापदास द्या, दोघांस देऊं नका,' अशी एक युक्ति कित्येक शिक्षक सांगतात. युक्ति बरी आहे, पण 'द ग्लास ब्रेक्स' आणि 'द चिल्ड्रन रन' ह्यांपाशीं ती लंगडी पडते. वास्तविक हे दोन 'स' एकमेकांचे कोणीच लागत नाहींत. नामाचा 'स' हा जुन्या इंग्रजींतील कांहीं पुल्लिंगी नामांना लागणाऱ्या 'अस्' प्रत्ययाचा वंशज. क्रियापदाचा 'स' इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलींतून हळूहळू दक्षिणेस उतरला. लंडनकडे पूर्वीं त्याच्या जागीं 'एथ' प्रत्यय असे. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत भाषांतरांत हा 'एथ'च आढळतो; बोलण्यांतून मात्र 'स'नें त्यास तोंवर बहुतांशीं हुसकून लावलें होतें. दोन निराळ्या गांवचे दोन पाहुणे एकसारखी पगडी घालून एका पंगतीस बसले, इतकेंच ह्यांचें नातें. हें मुलांस एकदां सांगून पाहावें. नियम पाठ करून जें साधत नाहीं तें पुष्कळदां अशा हकीकतीनें साधतें.

तेव्हां क्रियापदाचें भय नको. तें बिचारें कर्ता सांगेल तसें वागतें. अडचण येते ती कर्ता एक कीं अनेक हेंच ठरत नाहीं तेथें; आणि हें वस्तूकडे पाहून ठरत नसतें, भाषा तिच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहते त्यावर ठरतें. दाखला शोधावयास स्वयंपाकघराबाहेर जावयास नको. तांदूळ निवडले, धुतले, वैरले, येथवर ते अनेक. शिजून भात झाला कीं तो एक. तेच तांदूळ घरीं निवडले जातात, पण बाजारांत तांदूळ महाग होतो. गहू दळून आणले, ज्वारी मात्र दळून आणली. पोहे भिजले, साखर विरघळली. साखरेचे कण पोह्यांहून संख्येनें किती अधिक! पण ते मोजावयाचे नाहींत असें आमच्या भाषेनें ठरवून टाकलें आहे. इंग्रजांचें ठरणें निराळें. त्यांचा 'राइस' कच्चा असो वा शिजलेला, सदा 'इज'. 'व्हीट इज', पण 'ओट्स आर'. त्यांचा 'मनी' एकवचनी. आमचे पैसे अनेकवचनांत येतात आणि अनेकवचनांतच संपतात, म्हणून मुलें 'माय मनी आर फिनिश्ड' असें लिहितात. आमच्या मुली केस विंचरतात ते अनेक, म्हणून 'हर हेअर्स आर लाँग'. इंग्रजींत डोक्यावरचा सारा संभार मिळून एक 'हेअर', आणि 'हेअर्स' म्हटलें तर ते मोजून काढलेले, ताटांत सांपडलेले केस! 'फर्निचर', 'इन्फर्मेशन' आणि 'अॅडव्हाइस' ह्यांस 'स' लावण्याचा मोह आमच्या कचेऱ्यांतून अजूनही सुटलेला नाहीं. सामान, माहिती व उपदेश हे शब्द मराठींतही मोजले जात नसतां हा मोह व्हावा हें विशेष.

उलट कात्री आमच्याकडे एक, इंग्रजांकडे 'सिझर्स आर', कारण त्यांस दोन पातीं दिसतात. विजारीचे दोन पाय दिसतात म्हणून 'ट्राउझर्स आर'. आमच्या संस्कृतज्ञ वाचकांनीं ह्यास हसूं नये. पाणी ह्या अर्थाचा 'आपः' शब्द नित्य बहुवचनी आहे, होमांतील 'लाजाः' बहुवचनी आहेत, आणि पत्नीवाचक 'दाराः' शब्द तर पुल्लिंगी असून शिवाय बहुवचनी, मग घरांत पत्नी एकच असेना! इंग्रजींत अशा गमतीहून मोठी गंमत वाटाण्याची झाली आहे. वाटाणा ह्या अर्थीं 'पीज' हा मूळचा एकवचनी शब्द. त्याच्या शेवटचा ध्वनि अनेकवचनाचा असावा अशी समजूत होऊन लोकांनीं तो काढून टाकला, आणि 'पी' हा नवा एकवचनी शब्द सतराव्या शतकांत रूढ झाला. आमच्या एखाद्या मुलानें केली असती तर जी चूक ठरली असती, ती साऱ्या देशानें केली तेव्हां कोशांत जाऊन बसली.

आतां समूहवाचक नामांकडे, म्हणजे त्या आभारपत्राकडे येऊं.

'पोलीस', 'पीपल', 'कॅटल' हे शब्द इंग्रजींत अनेकवचनीच चालतात. आमचीं गुरें व आमचे लोक तसेच आहेत, त्यामुळें तेथें फारसें अडत नाहीं. परंतु 'फॅमिली', 'कमिटी', 'गव्हर्नमेंट' अशा शब्दांस विलायतेंत दोन्ही वचनें चालतात आणि निवड अर्थावरून होते. समूह एक वस्तु म्हणून डोळ्यांपुढें असला तर 'इज': 'द फॅमिली इज लार्ज'. येथें मोठें आहे तें कुटुंब. त्यांतलीं माणसें अंगापिंडानें मोठीं आहेत असें नव्हे. समूहांतील माणसें डोळ्यांपुढें असलीं तर 'आर': 'द फॅमिली आर अॅट डिनर', कारण जेवावयाचें तें ज्यानें त्यानें आपापल्या तोंडानें. अमेरिकेंत मात्र अशा नामांस बहुधा एकवचनच लावतात आणि 'फॅमिली आर' हें त्यांच्या कानास खटकतें. म्हणजे काकांचें 'आर' हें जुन्या विलायती वळणाचें, पुतण्याचें 'इज' हें अमेरिकन वळणाचें, आणि अशुद्ध दोघांपैकीं कोणाचेंच नाहीं. (आमच्याकडे 'कुटुंब' शब्दानें आणखी एक भानगड होत असे. जुन्या कारकुनांच्या रजेच्या अर्जांत 'माय फॅमिली इज इल' असें येई. त्यांत आजारी असे ती एकटी पत्नी, आणि साहेब साऱ्या घरादाराची काळजी करीत बसे.)

समूहास एक मानण्याची दृष्टि आमच्याही व्याकरणांत जुनी आहे. शरीराचे अवयव, वाद्यवृंदाचीं अंगें व सेनेचीं अंगें ह्यांच्या द्वंद्वास एकवचन होतें, असें पाणिनीनें दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादांत सांगितलें आहे. 'पाणिपादम्' हें त्याचें उदाहरण आमच्या वाचकांनीं शाळेंत घोकलें असेल. तीं तिन्ही उदाहरणें मोठीं मार्मिक आहेत. हात शरीरावेगळा, मृदंग मेळ्यावेगळा आणि रथ सैन्यावेगळा कितीसा कामाचा? मराठींत चहापाणी होतें, मीठभाकर मिळते. इंग्रजींतही 'ब्रेड अँड बटर इज' असें म्हणतात, कारण पानांत तें एकच खाणें असतें.

आजेसासूबाईंच्या मनांतलें 'एक' ह्या जातीचें आहे, आणि कायदाही त्यांच्या बाजूस उभा राहिलेला आहे. १९२२ च्या व पुढें १९६१ च्या आयकर कायद्यानें 'हिंदू अविभक्त कुटुंब' ही एक स्वतंत्र 'व्यक्ति' मानली. घरांत माणसें वीस, पण कर देणारी ही व्यक्ति एक. मिताक्षरेप्रमाणें वाटणी होईपर्यंत कोणासही एखाद्या खोलीवर बोट ठेवून ही माझ्या हिश्श्याची असें म्हणतां येत नाहीं. परंतु कायद्यास वचनाचा एवढा सोवळेपणा मात्र नाहीं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टाच्या तेराव्या कलमानें, कायद्याच्या शब्दांत एकवचनामध्यें अनेकवचन आणि अनेकवचनामध्यें एकवचन समजावें असें सांगूनच ठेविलें आहे. जेथें कायदाच इतका उदार आहे तेथें आभारपत्रांतील एका 'आर'वरून वाटणी कोण धरणार?

आमचा कौल काकांच्या 'आर'कडे आहे. कुटुंबास नांव असतें, घर असतें, कर असतो. कृतज्ञता वाटते ती माणसांस. पत्रें वाचून ज्यांचे डोळे भरून आले तीं माणसें निरनिराळीं होतीं, आणि गेलेला माणूस कोणाचा पति, कोणाचा पिता, कोणाचा आजा होता. दिरांच्या दुरुस्तींत एक दोष आहे तोही सांगितला पाहिजे. सूनबाईंनीं मसुद्याची नक्कल पाठविली आहे. तींत पहिल्या ओळींत 'इज' केल्यावरही दुसऱ्या ओळींत 'देअर सॉरो' तसेंच राहिलें आहे. 'इज' घेतलें तर पुढें 'इट्स' घ्यावें लागेल, आणि 'इट्स सॉरो' हें कोणत्या घरास शोभेल? एका वाक्यांत कुटुंब एक आणि पुढच्याच वाक्यांत अनेक, ही खरी चूक. 'इज' कीं 'आर' ही नव्हे.

आजेसासूबाईंस कौल सांगावयाचा तर तो मराठींत सांगावा. 'आम्ही सर्व आपले ऋणी आहों' ह्या वाक्यांतही क्रियापद अनेकवचनीच आहे; तें ऐकून कोणास चूल वेगळी झाल्याचा भास होत नाहीं, उलट सगळे एका जागीं बसल्याचा होतो. 'आर'चा अर्थ येथें तेवढाच आहे. त्यांचें समाधान तरीही न झालें तर 'फॅमिली' शब्दच गाळून 'वी आर ग्रेटफुल' असें लिहावें, खालीं सर्वांचीं नांवें द्यावीं, आणि पहिलें नांव त्यांचें घालावें. मग अमेरिकेंतल्या स्नेह्यांसही तें खटकावयाचें नाहीं.

धाकट्या दिरांस अमेरिकेचा दाखला फार पटत असेल तर त्यांनीं तेथील राज्यघटनेकडेच पाहावें. 'युनायटेड स्टेट्स' हें नांव दिसावयास अनेकवचनी, आणि प्रारंभीं तें अनेकवचनीच चाले. १७८७ च्या घटनेंत राजद्रोहाच्या कलमांत ह्या संस्थानांस 'देम' व 'देअर' हींच सर्वनामें वापरलीं आहेत. यादवी युद्धानंतर १८६५ सालीं गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती झाली, तींतही 'देअर'च आहे. पुढें मात्र 'आर' मागें पडत जाऊन 'इज' रूढ झालें. युद्धानें 'आर'चें 'इज' केलें, असें तिकडे मोठ्या अभिमानानें सांगतात. पण व्याकरण तोफांच्या आवाजानें एका दिवसांत बदलत नाहीं, आणि युद्धानंतरही कित्येक वर्षें दोन्ही रूपें शेजारीं शेजारीं नांदत होतीं. तरी एवढें खरें कीं, संघ सोडून जातां येतें कीं नाहीं, म्हणजे आपण एक कीं अनेक, ह्याच प्रश्नावर तें युद्ध पेटलें होतें. त्या घरची वाटणी होतां होतां राहिली.

एकासाठीं अनेकवचन वापरण्याची आमची रीत इंग्रजींत नाहीं, असें मुलांस सांगतात तें अर्धेंच खरें आहे. बाबा आले, आजोबा निजले आहेत, असें बोलणारें मूल 'माय फादर हॅव कम' असें लिहितें तेव्हां त्याच्या हातून आदर घडत असतो आणि गुण जात असतात. पण 'यू' हा शब्द पाहा. तो मूळचा अनेकवचनी. एकास उद्देशून 'दाऊ' असे. मोठ्या माणसांस मानानें 'यू' म्हणतां म्हणतां तो मान सर्वत्र पसरला, 'दाऊ' व्यवहारांतून गेला, आणि आज इंग्रज आपल्या कुत्र्यासही आदरार्थीं अनेकवचनानेंच हाक मारतो. अर्थ एकवचनी झाला तसें क्रियापदही व्हावें म्हणून अठराव्या शतकांत 'यू वॉज' असें पुष्कळ लोक म्हणत. १७६२ च्या आपल्या व्याकरणांत रॉबर्ट लौथ ह्यांनीं त्यावर कडक टीका केली. पुढें शिष्ट लेखनांतून तें रूप गेलें आणि 'यू वेअर' राहिलें. आम्हीही ह्या पानावर एकटेच लिहीत असून 'आम्ही'च म्हणतों. तेव्हां ह्याविषयीं अधिक न बोलणें बरें.

राहतां राहिली ती चांगल्या शिकलेल्यांच्याही हातून होणारी चूक. हळदीकुंकवाच्या पाहुण्यांची यादी तयार आहे, हें मराठींत कोणीही चुकत नाहीं. इंग्रजींत मात्र 'द लिस्ट ऑफ गेस्ट्स आर रेडी' असें लिहून जातात. कारण साधें आहे. मराठींत 'पाहुण्यांची' हा षष्ठ्यंत शब्द आधीं येतो, आणि खरा कर्ता जी 'यादी' ती क्रियापदाच्या शेजारीं बसते. इंग्रजींत खरा कर्ता आधीं येऊन दूर राहतो आणि 'गेस्ट्स' मध्येंच घुसून क्रियापदाच्या कानाशीं लागतात. अशा ठिकाणीं 'ऑफ'पासूनचे शब्द बोटानें झांकून वाक्य वाचावें: 'द लिस्ट इज रेडी'. 'वन ऑफ माय ब्रदर्स लिव्हज इन नागपूर' ह्यांतही भाऊ पांच असोत, नागपुरास राहतो तो एक.

पण बोटानें झांकण्याची ही युक्ति 'ही इज वन ऑफ दोज मेन हू नेव्हर कम्प्लेन' अशा वाक्यांत चालवूं नये. तेथें 'हू'चा संबंध 'वन'शीं नसून 'मेन'शीं आहे, म्हणून 'कम्प्लेन्स' नव्हे, 'कम्प्लेन'. मराठी करून पाहिलें कीं संशय फिटतो: जीं माणसें कधीं कुरकुर करीत नाहींत, त्यांपैकीं तो एक. कुरकुर न करणारीं तीं सगळीं. तो त्यांतला एक.